तांबवेकरांची वेगळी यादी

माझ्या स्कूटरवर मागे बसण्याआधी ब्रेक स्वतः दाबून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वसंत गोविंद तांबवेकर, वय वर्षं एकोणऐंशी, राहणार इंदूर, बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत. पहिल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी सहज म्हटलं, "काका, मी तिकडूनच जाते, सोडते तुम्हाला." त्यांनी स्कूटरला एक प्रदक्षिणा घातली, मागच्या टायरला अंगठा लावला, मग पुढे येऊन दोन्ही ब्रेक दाबले. एकदा नाही, दोनदा.

"सर्विसिंग कब करवाई थी?"

"दिवाळीत."

"तुम्ही समोर उभ्या होत्या का?"

"नाही काका, गाडी सोडून आले होते."

"मग करवली असं कसं म्हणता? त्यानं करवली असं सांगितलं, एवढंच." आणि तरीही बसले. पलासियापासून घरापर्यंत माझ्या प्रत्येक वळणाच्या आधी मागून "बघा हं" असं येत राहिलं. मी वैतागले होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर परत सर्विसिंगला टाकली आणि तिथे अर्धा तास समोर उभी राहिले, हेही कबूल करते.

आमचं ऑफिस पलासियात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली मुलं फॉर्म्युले घोकतात आणि वर आम्ही म्हातारे प्रोग्राम जगवतो. सरकारी कचेऱ्या, मंडळं, कारखाने यांच्याकडे चाळीस चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेले प्रोग्राम असतात. ज्या मोठ्या मेनफ्रेम मशीनवर ते चालायचे ती मशीनं आता भंगारात निघालीत, त्यांचे सुटे भागही मिळत नाहीत, पण प्रोग्राम मात्र हवाच असतो. मग आम्ही तो नव्यानं लिहीत बसत नाही. नव्या मशीनला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावतो, आणि जुना प्रोग्राम आपण आपल्याच घरात आहोत असं समजून चालत राहतो. हे मी पहिल्या दिवशी तांबवेकरांना मोठ्या अभिमानानं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे फसवता त्याला."

त्यांना बोलावलं होतं ते एका परीक्षा मंडळाच्या कामासाठी. कुठलं मंडळ ते सांगत नाही, नोकरी करायची आहे अजून. बारावीचा निकाल लावणारा प्रोग्राम तांबवेकरांनी तिथे नोकरीला असताना एकट्यानं लिहिला होता आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता. आता तो नव्या मशीनवर चालणार होता. मंडळाची एकच अट होती, की मूळ लिहिणाऱ्यानं तपासून सही करायची, आणि तीही यंदाच्या निकालाच्या आधी. आमचे साहेब सक्सेनाजी म्हणाले, "दो हफ्ते का काम है. बुज़ुर्ग आदमी है, चाय-पोहा कराओ, साइन ले लो."

दोन महिने झाले तरी सही नव्हती.

आता पोह्याचंच सांगते. खाली कोपऱ्यावर ठेला आहे, तिथे रोज सकाळी आमची सगळी पलटण उभी असते. तांबवेकर पोहे घ्यायचे, पण शेव नको म्हणून हात आडवा धरायचे आणि शर्टाच्या खिशातून स्वतःची पुडी काढायचे. जिरावणाचा, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याचा, डबा नाकाशी नेऊन हुंगायचे, मग ठरवायचे. ठेलेवाल्याला एक दिवस राहवलं नाही.

"बाबूजी, मेरी सेव में कमी क्या है?"

"कमी कुछ नहीं है भिया. मैंने आपको बनाते हुए देखा नहीं, बस."

"तो पोहा बनाते हुए देखा?"

"वो तो सामने ही बनता है ना. इसीलिए खाता हूँ."

ठेलेवाला हसला, पण मला हसू आलं नाही. मला त्यांच्या ह्या वागण्याचा राग यायला लागला होता. ते मला अहो-जाहो करायचे. मी पंचेचाळीस वर्षांची, त्यांच्या मुलीपेक्षाही लहान, इंदूरच्याच मराठी घरातली. एकदा म्हटलं, "काका, मला अगं म्हणा ना." तर म्हणाले, "ओळख पक्की झाल्याशिवाय म्हणत नाही. आणि काका म्हटल्यानं सही लवकर मिळत नाही." टेबलाचा खण बंद करताना ते फटीत कागदाची चिंधी अडकवून ठेवायचे. सकाळी आले की आधी चिंधी बघायची, मग खण उघडायचा. त्या खणात होमिओपॅथीच्या गोळ्या आणि एक पंचांग, एवढंच होतं. हे मला कसं माहीत, ते विचारू नका. त्या वागण्याचं मला अजून वाईट वाटतं, पण त्या वेळी आम्ही दोघंही एकमेकांवर डोळ्यात तेल घालून पहारा देत होतो.

त्यातच तुलनेचा दिवस आला. आमच्या धंद्यात ही शेवटची पायरी असते. गेल्या दहा वर्षांचे निकाल जुन्या मशीनमधून जसे निघाले होते तसे घ्यायचे, त्याच वर्षांचे गुण पुन्हा नव्या मशीनवर चालवायचे आणि दोन्ही निकाल एकमेकांवर ठेवून फरक काढायचा. दुपारी उत्तर आलं. फरक: शून्य. सक्सेनाजींनी सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवल्या. तांबवेकर पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शून्य कसा आला?"

"काका, शून्यच यायला हवा. त्याचसाठी तर सगळं केलं."

"एवढ्या लाखो मुलांत एकाही जागी फरक नाही. तुम्हाला काही वाटत नाही?"

"आनंद वाटतो," मी म्हटलं.

"ज्यांचे निकाल निघाले त्यांची तुलना केलीत तुम्ही. मतलब ज्याचा निघालाच नाही तो दोन्हीकडे नाही. शून्यच येणार." मग म्हणाले, "किती मुलं आत गेली आणि किती बाहेर आली ते जुळवा. मग सही करतो."

आता हे काम म्हणजे नुसती डोकेदुखी. आत गेलेल्या मुलांत गैरहजर असतात, परीक्षा रद्द झालेली असतात, फॉर्म अपुरे असतात. आत आणि बाहेरचा आकडा कधीच जुळत नाही आणि तो जुळावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. एकेक नाव तपासायचं म्हणजे दोन आठवडे. सक्सेनाजींचा संयम संपला. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"मंजिरीजी, मुझे तो कुछ और ही लग रहा है. बोर्ड वाले बता रहे थे, ये आदमी रिटायर होने के बाद भी हर साल रिजल्ट के दिन वहाँ पहुँच जाता है. बीस साल से. पूछता है, कोई अलग लिस्ट निकली क्या. क्यों भाई? तुम्हारा क्या लेना-देना? इसने कोड में कुछ डाल के रखा है. आप देखो ज़रा. पर उसको पता नहीं चलना चाहिए."

मला ते पटलं. खरं तर मला ते पटायला हवंच होतं. दोन महिने ज्या माणसानं माझ्या स्कूटरपासून माझ्या शून्यापर्यंत सगळ्यावर संशय घेतला, त्याच्याच कामात पाणी मुरतंय म्हटल्यावर मला बरं वाटलं. मी ठरवलं, त्यांनी सांगितलेली जुळणीच करायची, म्हणजे आपण त्यांचंच ऐकतोय असं त्यांना वाटेल.

दोन आठवडे रात्री आणि रविवार त्यात घालवले. गैरहजर वजा केले, रद्द वजा केले, अपुरे फॉर्म वजा केले. दुसऱ्या रविवारी दुपारी दहाही वर्षांचं उत्तर हातात आलं. दर वर्षी एक मूल शिल्लक राहत होतं. परीक्षेला बसलेलं, पेपर दिलेलं, गुण मिळालेलं आणि निकालात नसलेलं. नावं वेगळी, गावं वेगळी, पण रोल नंबर दहाही वर्षी एकच होता. ४१७२६. मंडळात रोल नंबर दर वर्षी नव्यानं एकपासून सुरू होतात, त्यामुळे हा नंबर दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला जायचाच.

मी तो आकडा प्रोग्राममध्ये शोधला. हजारो ओळींच्या मधोमध तीन ओळी होत्या. त्यांचा अर्थ एवढाच, की हा नंबर आला तर निकाल काढू नका, नाव वेगळ्या यादीत टाका आणि ती यादी दुसऱ्या प्रिंटरवर छापा. तो दुसरा प्रिंटर जुन्या मशीनबरोबर यंदाच भंगारात निघाला होता, म्हणून त्याच्याकडे जाणारं सगळं आमच्या लोकांनी बंद करून टाकलं होतं. म्हणजे यंदापासून ते एक मूल कुठल्याच यादीत येणार नव्हतं. ओळींच्या शेजारी अक्षरं होती, व. गो. तां., आणि पस्तीस वर्षांपूर्वीचं एक साल. मी त्या सालचं रजिस्टर उघडलं. ४१७२६, कुमारी नीलिमा वसंत तांबवेकर.

नीलिमाताईंना मी ओळखत होते. शाळेत गणित शिकवतात, वडिलांच्या घरी वरच्या मजल्यावर राहतात, संध्याकाळी कधी कधी वडिलांना न्यायला यायच्या. त्यांच्या हातची डब्यातली भाजी ही एकच गोष्ट तांबवेकर न हुंगता खात. मला वाटलं ते सरळ होतं. बापानं मुलीचा निकाल मशीनमधून बाजूला काढला, हातानं गुण वाढवले आणि परत आत सरकवला. सक्सेनाजींना पाठवायचा मेसेज मी लिहून तयार ठेवला. पाठवला नाही, याचं श्रेय माझ्या चांगुलपणाला देऊ नका. मला त्यांचा चेहरा आधी बघायचा होता.

सोमवारी सकाळी पोह्याच्या ठेल्यावर मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि नुसता आकडा सांगितला. "एकेचाळीस हजार सातशे सव्वीस."

त्यांनी शेवेची पुडी खिशात परत ठेवली. "किती दिवस लावलेत," ते म्हणाले. "मला वाटलं होतं आठवड्यात सापडेल."

मग तिथेच, रहदारीच्या आवाजात, त्यांनी सांगितलं. नियम असा होता की ज्याच्या घरचं कुणी परीक्षेला बसलंय त्यानं तसं लिहून द्यायचं आणि त्या वर्षी निकालाच्या कामापासून लांब राहायचं. तांबवेकरांनी लिहून दिलं नाही.

"लिहून दिलं असतं तर भोपाळहून माणूस आला असता. तो माझ्या मशीनला हात लावणार, माझा प्रोग्राम चालवणार. तो काय करून ठेवेल, कुणी सांगावं? कुणावर भरोसा ठेवायचा? म्हणून मी हा तोडगा काढला. तिचा निकाल मशीननं काढायचाच नाही. कंट्रोलर साहेबांना तोंडी सांगितलं, दोन क्लार्कनी हातानं बेरीज केली. मी त्या खोलीतसुद्धा गेलो नाही. एक गुण इकडचा तिकडे नाही झाला, आईशपथ."

"मग बिघडलं काय?"

"हातानं करायला अठरा दिवस लागले. पेपरात तिचा नंबर आला नाही. निकाल राखीव, असं आलं. तिला ज्या कॉलेजात जायचं होतं तिथली यादी तोवर लागून गेली. मोहल्ल्यात तर विचारू नका. बाप बोर्डात आणि पोरीचा निकाल राखीव, नक्की कॉपी केली असणार. ती रडत नव्हती. मला एकच विचारायची, बाबा, माझ्यावर कुणी संशय घेतला होता का? मी म्हटलं, चौकशी करतो."

"मग?"

"अजून चालूच आहे चौकशी," तांबवेकर म्हणाले. त्यांच्या हातातले पोहे गार झाले होते.

पुढचं मी विचारलं नाही तरी कळत गेलं. दुसऱ्या वर्षी तो नंबर उज्जैनच्या एका मुलाला गेला आणि त्याचा निकाल अडकला, तेव्हा त्या ओळी काढायच्या राहिल्या हे त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर प्रोग्राममधलं काहीही बदलायला अर्ज द्यायचा असा नियम झाला होता आणि अर्जात कारण लिहावं लागायचं. खरं कारण लिहिलं तर वाचणारा तोच अर्थ काढणार, जो मी काढला होता. म्हणून ते दर वर्षी निकालाच्या दिवशी वेगळी यादी स्वतः उचलून टेबलावर नेऊन ठेवायचे आणि त्या एका मुलाचा निकाल संध्याकाळपर्यंत हातानं करून घ्यायचे. निवृत्तीनंतर मिठाईचा पुडा घेऊन जायचे, जुन्या ओळखीवर तेच करून यायचे. ज्याच्यावर बीस साल से शक होता तो माणूस बीस साल से एवढ्यासाठीच जात होता. आमचं काम त्यांनी घेतलं तेही त्या ओळी कुणाच्या नकळत काढता येतील म्हणून. पण आमच्याकडे प्रत्येक बदल नोंदला जातो. कुणी केला, कधी केला, का केला. नोंद सगळ्यांना दिसते आणि कायम राहते. हे कळलं त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "तुमच्या इथे खोडरबर नसतो का?" मी तेव्हा हसले होते. म्हणूनच आत-बाहेरची जुळणी त्यांनी माझ्याकडून करून घेतली, म्हणजे त्या ओळी मला सापडतील आणि मीच काढीन.

"तुम्हीच लिहा ना," ते मला म्हणाले. "'अनावश्यक ओळी काढल्या.' खोटं तर नाही ना त्यात."

"लिहिते," मी म्हटलं. "त्या मुलांचं काम होईल. पण नीलिमाताईंना उत्तर मिळणार नाही."

मी हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत नाक खुपसायचा मला काय अधिकार? गार झालेले पोहे ठेल्यावर ठेवून ते निघून गेले. चार दिवस आले नाहीत. निकाल तोंडावर आलेला, सक्सेनाजी रोज विचारायचे, "कुछ मिला?" आणि मी रोज म्हणायचे, "देख रही हूँ सर." आता संशयितांच्या बाजूला मी जाऊन बसले होते, आणि तिथून सक्सेनाजींचा चेहरा फार वेगळा दिसत होता.

पाचव्या दिवशी दुपारी ते आले. खणातली चिंधी न बघताच माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "सरका." माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी स्वतः त्या तीन ओळी काढल्या. कारणाच्या चौकटीत दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, मराठीत लिहिलं. तेवढ्याला पाऊण तास लागला. मी बाजूला उभी राहून वाचत होते.

"या ओळी मी माझ्या मुलीच्या निकालाला माझा हात लागू नये म्हणून घातल्या होत्या. मी नियमाप्रमाणे बाजूला व्हायला हवं होतं, झालो नाही, कारण माझा कुणावर विश्वास नव्हता. नंतर काढायची हिंमत झाली नाही. तिच्यावर कुणीही संशय घेतला नव्हता. तिची काही चूक नव्हती. व. गो. तांबवेकर."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी बटण दाबलं आणि विचारलं, "हे आता खोडता येणार नाही ना?"

"नाही काका."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

"असं म्हणता तुम्ही. करून दाखवा."

मी करून दाखवलं. माझ्या नावानं नोंद पुसायचा प्रयत्न केला, मशीननं नकार दिला. त्यांनी सक्सेनाजींच्या नावानं करायला लावलं. सक्सेनाजींनी बाहेर येऊन, काय चाललंय हे पडद्यावर वाचत वाचत, आपला पासवर्ड टाकला. नकार आला. सक्सेनाजींनी स्वतः जाऊन तांबवेकरांसाठी पाणी आणलं. तांबवेकरांनी ग्लास उजेडात धरून बघितला आणि प्यायले. सहीचा कागद पुढे ओढून सही केली. मग मला म्हणाले, "मंजिरी, त्या नोंदीची एक प्रत छापून दे मला."

दे, असं म्हणाले. द्या नाही. मी ती छापून दिली.

त्या वर्षी ४१७२६ या नंबरवर महूचा कुणी मुलगा होता. सेकंड डिव्हिजनमध्ये पास झाला, सगळ्यांबरोबर, त्याच सकाळी. त्याला यातलं काहीच माहीत नाही आणि असायचं कारणही नाही.

तांबवेकर त्यानंतर ऑफिसात आले नाहीत, काम संपलं होतं. मला ते शेवटचे दिसले ते सही केली त्याच संध्याकाळी, वरच्या खिडकीतून. खाली कोचिंग सुटल्याची गर्दी होती. नीलिमाताई स्कूटर घेऊन थांबल्या होत्या. त्यांनी वडिलांकडून कागद घेतला आणि हेल्मेट न काढता, उभ्या उभ्या वाचला. एक पानही भरत नव्हतं, पण त्यांना फार वेळ लागला. तांबवेकर हात मागे बांधून रस्त्याकडे बघत होते. मग नीलिमाताईंनी कागदाची घडी घातली, डिकी उघडून आत ठेवली आणि डिकी लावून घेतली. त्या काही बोलल्या का, ते वरून ऐकू येणं शक्य नव्हतं. मी एवढंच पाहिलं की त्यांनी स्कूटर स्टँडवर चढवली आणि दोन पावलं बाजूला सरकून उभ्या राहिल्या, वडिलांना ब्रेक दाबून बघता यावेत म्हणून. तांबवेकर पुढे आले. त्यांनी ते दाबले, एकदा, आणि मागे जाऊन बसले.